फुकटवाले सर

एकोणीस वर्षं कागदी सर आणि मी एकाच शाळेत होतो. ते गणिताचे मास्तर आणि कॉम्प्युटरच्या खोलीचे कारभारी, मी ऑफिसातला क्लार्क. आमच्याकडं शाळेच्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, पगार कितीही असो. एवढ्या वर्षांत एका गोष्टीवर आमचं कधी पटलं नाही आणि त्यावरून भांडणही झालं नाही, कारण भांडायला दोन माणसं लागतात आणि कागदी सर भांडणात उतरायचेच नाहीत. मी तावातावानं बोलायचो. ते बशीतला चहा फुंकत ऐकून घ्यायचे आणि माझं संपलं की म्हणायचे, "बरोबर आहे. पण." त्या 'पण'च्या पुढं काही नाही. चहा संपवून तासाला निघून जायचे. अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

ती गोष्ट म्हणजे कॉम्प्युटरात कुठली सिस्टीम घालायची. यंत्र चालू केलं की आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती. मी विंडोजवाला. विकतची वस्तू, सगळीकडं चालते, बँकेत तीच, तहसीलमध्ये तीच. सर लिनक्सवाले. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी, आणि आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं अशी मोकळी. गावात ह्यातलं 'फुकट' एवढंच पोचलं आणि सरांचं नाव पडलं फुकटवाले सर. त्यांना ते ठाऊक होतं. पोरं मागून म्हणायची तेव्हा ते वळून "काय?" असं विचारायचे, म्हणजे पोरांचीच पंचाईत.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक बारका स्क्रू ड्रायव्हर आणि चित्रकलेचा एक ब्रश. त्या ब्रशानं ते कीबोर्डमधली धूळ झाडायचे. जुन्नरच्या एसटीनं यायचे आणि उतरल्यावर कंडक्टरला हात करायचे, तो बघत असो नसो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी "बसू का?" म्हणून विचारायची त्यांची सवय होती. माझा कॉम्प्युटर बिघडला म्हणून मीच हाका मारून बोलावलेलं असायचं, मी घामाघूम झालेलो असायचो, तरी हे दारात उभे राहून विचारणार, बसू का. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, बसा हो, पाया पडतो." तर म्हणाले, "यंत्र तुमचं आहे, भाऊसाहेब. मी पाहुणा." आणि 'होणार नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. तीन-तीन दिवस एखादं मशीन उघडून बसले असले तरी विचारल्यावर उत्तर एकच, "अजून झालं नाही. बघू या."

शाळेला कुणीतरी दहा जुने कॉम्प्युटर दिले, तिथून हे सगळं सुरू झालं. मशीन आली, पण आत काही नाही. सगळे करायचे तेच मी केलं. नारायणगावच्या एका पोरानं कॉपी करून दिलेली विंडोजची सीडी घेऊन आलो. सगळा तालुका त्याच सीडीवर चालायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. सरांनी सीडी उलटसुलट करून पाहिली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "गणिताच्या पेपरला कॉपी करणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढतो. पुढच्या तासाला त्याच पोराला कॉपीच्या सीडीवर कसा बसवू?"

"मग काय विकत आणणार? दहा मशीनला?"

"विकतचं पाहिजे तर विकत घेऊ. फुकट पाहिजे तर जे मुळातच फुकट आहे ते घेऊ. मधलं नको."

मुख्याध्यापक बाईंना तेवढं ऐकायचंच होतं. आठवडाभरात दहाही मशीनवर लिनक्स. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. त्याला मात्र मी भांडून पावतीसकट विंडोज आणवलं. सरांनी ती पावती पाहिली आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं, तोंड पाडतील.

मग पालकसभा झाली. ती मला अजून जशीच्या तशी दिसते. एक कांदेवाले पालक उभे राहिले, तावातच. "सर, आमी फी भरतो. दुसऱ्या शाळंत खरं विंडोज हाय म्हनं. आमच्याच पोरांना ह्ये फुकटचं का?"

सर म्हणाले, "कांद्याचं बी विकतचं लावता का घरचं?"

"घरचंच. इकतच्याचा भरवसा न्हाई, राव."

"मग ते फुकटचं म्हणून हलकं झालं का?"

"त्ये येगळं. त्ये आमच्या डोळ्यांम्होरं धरल्यालं अस्तं. त्यात काय हाय त्ये आमाला म्हाईत."

"मी हेच म्हणतोय," सर म्हणाले. सगळी सभा हसली, कांदेवालेही हसले. माझ्या मनात आलं, झालं, जिंकला हा माणूस. पण मागून एक बाई उठल्या. पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, माझी पोरगी टायपिंगच्या परीक्षंला बसली. तितं समदं येगळंच दिसलं तिला. घाबरून हात चालंना. तुमचं बियानं चांगलं असंल, पन परीक्षा तर त्यांच्याच वावरात हाय न्हवं?"

कागदी सर त्यांच्याकडं वळले. मला वाटलं आता 'बरोबर आहे, पण' येणार. आलं नाही. "ताई, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा अर्ज, दोन मशीनसाठी विंडोज रीतसर विकत घेण्याबाबत. आणि त्या पोरीला सुट्टीच्या दिवशी बोलावून त्यांनी स्वतः टायपिंगला बसवलं. स्टाफरूममध्ये मी जरा डिवचलं, "काय सर, आलात ना आमच्यात?" तर म्हणाले, "पोरीचा हात अडला होता, भाऊसाहेब. आपल्या तत्त्वापायी तिनं का नापास व्हावं?" 

आता माझी गोष्ट सांगतो. म्हणजे माझी चूक.

शाळेत जनरल रजिस्टर म्हणून जाडजूड खंड असतात. शाळा सुरू झाल्यापासून जेवढी पोरं आली, त्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, जात, गाव सगळं त्यात. माणूस म्हातारा झाला तरी दाखल्यासाठी त्याच पानावर येतो. आमच्या एका खंडाला वाळवी लागली. पानं हातात घेतली की भुगा व्हायची. शिक्षण खात्यानं परवानगी दिली, की पुरती जायच्या आत त्यांची नक्कल करून घ्या. तेव्हा मी पुण्याच्या एका कंपनीचा दाखल्यांचा प्रोग्राम नुकताच घेतला होता, कळंबच्या एका एजंटाकडून. एक बटण दाबलं की नक्षीदार चौकटीत दाखला बाहेर. मी त्या प्रोग्रामच्या प्रेमातच होतो. त्यात मी सगळ्या खंडांच्या नोंदी टाइप केल्या, वाळवीच्यासुद्धा. तालुक्याचे विस्तार अधिकारी दोन दिवस बसले, भुग्यातली एकेक ओळ आणि स्क्रीनवरची एकेक ओळ ताडून पाहिली आणि पत्र दिलं, नक्कल मूळप्रमाणे आहे, छापून, बांधून, सही-शिक्का करून ठेवावी.

छापून ठेवावी. तेवढंच मी केलं नाही. रुंद कागदाचा प्रिंटर येणार होता, तो आला नाही. मग परीक्षा आल्या, मग माझं आजारपण आलं, मग मी विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो, आळस केला. वाळवीचा खंड तोवर संपला.

सर तेव्हा एकदा दारात येऊन म्हणाले होते, "भाऊसाहेब, ह्या प्रोग्राममधून नोंदी बाहेर काढता येतात का? साध्या फाइलीत?"

"कशाला बाहेर? आत सुरक्षित आहेत. पासवर्ड आहे."

"पासवर्ड कुणाकडं आहे?"

"कंपनीकडं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "पण."

खंडेनवमीला शाळेत आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. घंटा, प्रयोगशाळेतला तराजू, खडूची पेटी, माळ्याचं खुरपं, आणि अलीकडं ऑफिसचा कॉम्प्युटर. सरांच्या शेवटच्या वर्षी बाईंना फोटो हवा होता, म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवला, स्क्रीन उजळलेली बरी दिसते म्हणून. झेंडूची माळ, हळदकुंकू, उदबत्ती. नामदेव मामा म्हणजे आमचे शिपाई, ते दरवर्षी नारळ पायरीवर फोडायचे. त्या दिवशी पायरीवर पोरांची रांगोळी होती, ती मोडू नये म्हणून त्यांनी नारळ टेबलाच्या लोखंडी कडेवरच हाणला. एका घावात दोन भकलं, आणि सगळं पाणी कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या जाळीतून आत. टप्प असा आवाज झाला आणि स्क्रीन काळी.

"काय व्हत न्हाई," नामदेव मामा म्हणाले. "परसादाचं पानी हाय."

जळका वास आल्यावर तेही गप्प झाले. कागदी सरांना निरोप गेला. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "उघडू का?" मी नुसती मान हलवली. त्यांनी डबा उघडला, ब्रशानं हळद झाडली, पुसलं, वाऱ्यावर ठेवलं. संध्याकाळच्या गाडीच्या आधी म्हणाले, "मशीन गेलं. पण हार्ड डिस्क जिवंत आहे. नोंदी तिच्यात आहेत."

माझा जीव जरा जागेवर आला. दसऱ्यानंतर नवं मशीन आलं, ती डिस्क त्याला जोडली, प्रोग्राम उघडला. तर तो म्हणतो, हे ते मशीन नव्हे, ह्याचं लायसन नाही, कंपनीशी संपर्क साधा. कंपनीचा फोन बंद. कळंबच्या एजंटाला गाठलं. तो आता कोंबड्यांचं खाद्य विकतो. म्हणाला, "भाऊ, त्ये मी कवाच सोडलं. कंपनीच गुंडाळली त्यांनी. आता त्या पासवर्डचं कुनालाच म्हाईत न्हाई."

नोंदी माझ्या, टाइप मी केलेल्या, माझ्याच टेबलावर पडलेल्या, आणि मलाच वाचता येत नाहीत. तरी मी कुणाला बोललो नाही. मनात म्हटलं, वाळवीच्या खंडातला दाखला मागायला कोण येतंय लगेच.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आला. सोमा भवारी नावाचा गृहस्थ, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाडीवरचा, बरोबर त्याची मुलगी मनीषा. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. जातपडताळणी समितीनं वडिलांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा मागितला होता, चौदा दिवसांच्या आत. नाही दिला तर जागा पुढच्याला. सोमा आमच्याच शाळेत आठवीपर्यंत होता, वसतिगृहात राहून. त्याचा स्वतःचा दाखला कधीच हरवलेला. मी खंड बघितला. तोच, वाळवीचा.

"चार दिवसांनी या," मी म्हटलं. ती दोघं गेल्यावर मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो आणि सरांना सगळं सांगितलं. न छापल्याचंही सांगितलं. वाटलं, आता ऐकवणार. एकोणीस वर्षांची वसुली करायला याहून चांगला दिवस नव्हता. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "डिस्क देता का मला? एक नक्कल काढतो, मूळ तुमच्याकडंच ठेवा." बस्स. त्या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. शेवटचे दिवस माणूस सत्कार घेत, जेवणं जेवत काढतो. त्यांनी ते माझ्या डिस्कला दिले.

दोन दिवसांत त्यांच्या फुकटच्या सिस्टीमवर ती फाइल उघडली. अशा बंद फाइली वाचायचं अवजार परदेशातल्या कुणी अनोळखी माणसांनी लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलं होतं म्हणे. मी आनंदानं वाकून पाहिलं, तर स्क्रीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. कंपनीनं मराठी अक्षरंसुद्धा आपल्याच गुप्त पद्धतीनं साठवलेली. मी खुर्चीत बसलोच.

"अजून झालं नाही," सर म्हणाले. "बघू या. तुमचे चांगले खंड आणा."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चांगल्या खंडांच्या नोंदीही ह्याच प्रोग्राममध्ये होत्या. कागदावर नाव वाचायचं, कचऱ्यात त्याच क्रमांकाची ओळ शोधायची, आणि कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर हे लावत जायचं. दिवाळीची सुट्टी लवकर लागली होती. रिकाम्या शाळेत सकाळी दहा ते चार आम्ही दोघं. मी वाचायचो, ते मांडायचे. भिंतीवर मोठा तक्ता लावला. 'क' सापडला, 'म' सापडला, जोडाक्षरांनी रडवलं. माझी चिडचिड व्हायची, मी रजिस्टर आपटायचो. ते तेवढ्यापुरते थांबायचे, बशी पुढं करायचे, आणि परत तिथून पुढं.

चौथ्या दिवशी सोमा भवारी ठरल्याप्रमाणे आला. मी खरं ते सांगितलं. त्यानं समोरच्या रजिस्टरांकडं पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमीच लिवलं व्हतं ना समदं? मंग तुमीच परत लिवून द्या की. मी खोटं सांगत न्हाई. माझी जात, माझी तारीख, माज्या तोंडपाठ हाय. पोरगी लई हुशार हाय हो."

मला खोटं वाटलं नाही. मला तो मुलगा असताना आठवत नव्हता, पण त्याचं तोंड बघून मी पेनाचं टोपण काढलं. खरंच काढलं. उताऱ्याचा कोरा फॉर्म समोर होता, शिक्का ड्रॉवरमध्ये होता, आणि विचारणारं कोणी नव्हतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्ही खरं तेच लिहाल. मला माहीत आहे. पण ते खरं आहे हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तपासता येईल का?"

माझं पेन फॉर्मवरच थांबलं.

"उद्या समितीनं विचारलं, हे कुठून घेतलं, तर पोरगी काय दाखवणार? तुमचा चेहरा?" मग सोमाकडं वळून म्हणाले, "भाऊ, अजून दहा दिवस आहेत. आम्हाला द्या." टोपण परत लावताना माझे कान तापले होते.

सोमा गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा ते स्वतःहून काही बोलले. त्यांच्या आडनावाबद्दल मला एवढंच माहीत होतं, की पूर्वी त्यांच्या घरात कागद बनायचा. ते म्हणाले, आमचे पणजोबा लगदा कुटायचे, साच्यानं कागद उचलायचे, ते सगळ्यांना यायचं. पण कागदाला शेवटी जी खळ द्यायची, म्हणजे शाई फुटू नये म्हणून लावायचं पाणी, त्यात काय काय घालायचं ते फक्त थोरल्या मुलाला सांगायचं. लेकींना नाही, त्या दुसऱ्या घरी जाणार. धाकट्याला नाही, तो वेगळा होईल. मग साथ आली, थोरला आठ दिवसांत गेला, बाप त्याच्या आधीच गेला होता. "आमचे आजोबा धाकटे. आयुष्यभर मेथी उकळ, तांदूळ उकळ, काय काय उकळून बघायचे. कधी जमलं नाही. बाजार तसाही गेलाच असता, भाऊसाहेब. पण घरातल्या माणसाला आपल्याच घरचं काम येऊ नये?" एवढं बोलून ते तक्त्याकडं वळले आणि 'ष्ट' कुठं आहे ते शोधायला लागले. मला वाईट वाटलं. त्यांचं नव्हे, माझं. मी एकोणीस वर्षं समजत होतो, की ह्या माणसाचा वाद पैशाशी आहे.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी एक बटण दाबलं आणि कचऱ्याच्या जागी मराठी ओळी खाली खाली उलगडत गेल्या. मी मोठ्यानं वाचत सुटलो, नाव, गाव, तारीख, कुणाकुणाची. मध्येच सोमा भवारीचं नाव आलं. पुढं वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि जात, महादेव कोळी. मी एका दमात वाचून टाकलं. सर म्हणाले, "सावकाश. परत वाचा."

आम्ही नव्या विस्तार अधिकारी बाईंना बोलावलं. सरांनी त्यांना जुनं पत्र दाखवलं, तक्ता दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्यावर विश्वास ठेवू नका. कुठलाही चांगला खंड घ्या, वाटेल ते पान उघडा, आणि इथं ताडून बघा." बाईंनी तासभर पानं उघडली. चहासुद्धा घेतला नाही. शेवटी पेन काढून सही केली. तो खंड मी त्याच दिवशी छापला, बांधला, शिक्के मारले आणि सोमाच्या उताऱ्यावर सही करून मुदतीच्या आत त्याच्या हातात दिला.

सरांनी त्यानंतर काय केलं, तर माझ्या नव्या मशीनवर स्वतःच्या हातानं विंडोज बसवून दिलं, पावतीसकट. मी म्हटलं, "सर, आता तुमचंच घाला. मी हरलो." तर म्हणाले, "तुमच्या हाताला हेच सवयीचं आहे. हे राहू द्या. नोंदी मात्र साध्या फाइलीत ठेवा, माझ्याकडंही उघडतील, तुमच्याकडंही उघडतील." आणि एक दोनशे पानी वही दिली. काय केलं, कसं केलं, कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, सगळं वळणदार अक्षरात. तालुक्यातल्या आणखी दोन शाळांचे भाऊसाहेब तिची झेरॉक्स घेऊन गेले. त्यांचाही तोच प्रोग्राम, आणि तेही माझ्यासारखेच गप्प बसले होते.

पण समितीचा निर्णय बाकी होता. दिवाळी आली आणि गेली, निर्णय नाही. महिना संपला. सर सुट्टीतच निवृत्त झाले, हार नाही, भाषण नाही. ते पुण्याला मुलाकडं राहायला जाणार होते. मी जुन्नरच्या स्टँडवर पोचवायला गेलो. पुण्याची गाडी लागलेली होती. एवढ्या वर्षांचं काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून म्हटलं, "अजून काही आलं नाही समितीचं."

"बघू या," ते म्हणाले. बॅग वर ठेवली, खाली उतरले, परत माझ्याशेजारी उभे राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोमा भवारी. मागं कुत्रं भुंकत होतं आणि बायामाणसं एकदम बोलत होती. "भाऊसाहेब, झालं. पोरीचं झालं. मेसेज आला आत्ता. पास केलं त्यांनी." माझा जीव भांड्यात पडला. स्टँडवर, लोकांत, मला रडू आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. मी फोन सरांकडं दिला. ते ऐकत राहिले. "हां... हां... पोरीला सांगा, चांगला अभ्यास कर म्हणावं." फोन परत देताना त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुम्ही आता घरी जाऊन झोपा, भाऊसाहेब. कोजागिरीपासून झोपला नाहीत तुम्ही."

"तुम्हाला काय माहीत?"

कंडक्टर ओरडला तसे सर गाडीत चढले. मी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणायला धावलो. सुट्टे नव्हते, त्यात वेळ गेला. परत आलो तर गाडी हलायच्या बेतात. खिडकीपाशी गेलो आणि थांबलो. कागदी सर झोपले होते. डोकं गजाला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, चष्मा घसरून मांडीवर. एकोणीस वर्षांत ह्या माणसाला मी खुर्चीतसुद्धा कधी डुलकी काढताना पाहिलं नव्हतं.

शेजारच्या सीटवरच्या बाईनं त्यांना उठवायला हात पुढं केला. मी तिला खुणेनंच नको म्हटलं आणि बाटली तिच्याकडं दिली.